फिटनेस सर्टिफिकेट मागण्याआधी मुक्कामांच्या उंचीचा तक्ता पाठवा

प्रति,
हिमालयातील खिंडी ओलांडण्याचे ट्रेक नेणाऱ्या पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक व अन्य ठिकाणच्या सर्व संस्था आणि आयोजक

विषय : सहभागींचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत नसलेला एक रकाना

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत जनरल प्रॅक्टिस करते. परीक्षांचे दिवस संपत आले की तुमचे फॉर्म माझ्या टेबलावर येऊ लागतात. वर तुमचा लोगो, मध्ये वजन, रक्तदाब, नाडी, दमा आहे का, फिट येते का, आणि शेवटी आधीच छापून ठेवलेलं वाक्य : 'सदर व्यक्ती हाय अल्टिट्यूड ट्रेकसाठी पूर्णपणे सक्षम आहे.' त्याखाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ. फॉर्म आणणारा माणूस खुशीत असतो. दर रविवारी मलंगगड चढून आलेला असतो, नवे बूट घरातल्या घरात घालून हिंडत असतो. त्याला माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो.

तो शिक्का मारताना मला नेमकं काय माहीत असतं? त्याचे गुडघे, हृदय आणि फुप्फुसं डोंबिवलीच्या हवेत ठीक चालतात, एवढंच. चार हजार मीटरवर त्याच्या फुप्फुसांत पाणी भरेल का, मेंदूला सूज येईल का, हे आधी सांगणारी भरवशाची तपासणी माझ्याकडे नाही आणि मोठ्या हॉस्पिटलातही नाही. मॅरेथॉन धावणाऱ्याला त्रास होतो आणि त्याच्या मागून धापा टाकत आलेल्या काकूंना होत नाही, असं तुम्हीही पाहिलं असेल. अंदाज बांधायला दोनच गोष्टी उपयोगी पडतात. या माणसाला आधी कधी उंचीवर त्रास झाला होता का, आणि या वेळी तो किती वेगाने वर जाणार आहे. पहिली गोष्ट मी त्याला विचारून घेते. दुसरी तुमच्याकडे असते, आणि ती फॉर्मवर नसते.

म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे : प्रत्येक रात्रीचा मुक्काम किती मीटरवर आहे, हे कार्यक्रमपत्रिकेत छापा आणि तोच तक्ता वैद्यकीय फॉर्मला जोडा.

तुम्ही म्हणाल, उंची तर आम्ही छापतोच. छापता, पण खिंडीची, आणि तीही जाहिरातीच्या सगळ्यात मोठ्या टायपात. मुक्कामाच्या पुढे मात्र 'अंतर ८ किमी, वेळ ६ तास, श्रेणी मध्यम, पॅक लंच' असं असतं. शरीराचा हिशेब मुख्यतः तुम्ही रात्री कुठे झोपलात यावर चालतो. दिवसा तासभर पाच हजारांवर जाऊन खाली येणं बहुतेकांना झेपतं, पाच हजारांवर झोपणं झेपेलच असं नाही. पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य नियम सोपा आहे : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी.

हे कुणा परक्याचं थेर नाही. १९६२ मध्ये आपले जवान सपाटीवरून विमानाने थेट लडाखला उतरवावे लागले, तेव्हा शत्रूखेरीज विरळ हवेनेही माणसं आजारी पाडली. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या अभ्यासावर लिहिलेला शोधनिबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो आजही जगभर वाचला जातो. आपल्या लष्कराची रूढ पद्धत काय आहे बघा : ९,००० ते १२,००० फुटांवर ६ दिवस, तिथून १५,००० फुटांपर्यंत जायचं तर आणखी ४, त्याच्याही वर आणखी ४. विशी-पंचविशीतले, रोज कवायत करणारे जवान, आणि त्यांना चौदा दिवस. माझ्या पेशंटला, ज्याची कवायत म्हणजे ७:४२ची फास्ट पकडणं, त्याला तुम्ही तीन रात्री देता.

तीनच का, हेही मला कळतं. दोन शनिवार-रविवार आणि मधले पाच दिवस रजा, मिळून नऊ दिवस. त्यात दोन बाजूंचा प्रवास. उरलेल्या दिवसांत खिंड बसवायची. सगळी पत्रिका रजेच्या अर्जावरून आखलेली असते, डोंगरावरून नाही. यात दोष तुमच्या एकट्याचा नाही. सात दिवसांचा ट्रेक दहाचा केलात तर गिऱ्हाईक शेजारच्या आयोजकाकडे जातं, हेही खरं आहे. तेच टाळण्यासाठी तर सगळ्यांनी मिळून एकच तक्ता छापावा असं म्हणते आहे.

आपल्याकडे एक जादा अडचण आहे. सह्याद्री. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वोच्च टोक, १,६४६ मीटर. मनालीचा मॉल रोड त्याहून चारशे मीटर वर आहे. म्हणजे आपल्या माणसाचा सगळा सराव, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, रतनगड, सगळं जिथे संपतं त्याच्याही वर त्याचा हिमालय सुरू होतो. सह्याद्रीत घोटे तयार होतात, कडा बघून पोटात गोळा येणं थांबतं. रक्त मात्र तयार होत नाही. पण या सरावाने आत्मविश्वास एवढा येतो की डोकं ठणकत असतानाही माणूस 'जरा ऊन लागलंय' म्हणत पुढे चालतो.

मनालीजवळच्या हम्प्ता खिंडीचंच घ्या. ४,२७० मीटर, आणि बहुतेक पत्रिकांत 'बिगिनर'. पायांपुरतं ते खरं आहे. कुल्लूची कुरणं मागे पडतात आणि खिंडीपलीकडे एकदम लाहौलचे उघडेबोडके, गवताचं पातं नसलेले डोंगर येतात. इतक्या थोड्या चालण्यात एवढा पालट दाखवणाऱ्या वाटा कमीच. पण रूढ कार्यक्रमात सोमवारी सकाळी मनालीत बसमधून उतरलेला माणूस त्याच दिवशी जोब्राहून चिकाला, सुमारे ३,१०० मीटरवर झोपतो, मंगळवारी बालू का घेरा, सुमारे ३,६०० मीटर, आणि बुधवारी दुपारी खिंडीत उभा असतो. मनालीत एक पूर्ण दिवस आणि बालू का घेऱ्यात एक जादा रात्र दिली तर हाच ट्रेक खरोखर बिगिनर होईल.

हम्प्तात निदान त्रास झालेल्याला मागे उतरवता येतं. दूरच्या खिंडींचं तसं नाही. शिखराच्या ट्रेकमध्ये आल्या वाटेने उतरायचं असतं, तळ ओळखीचा असतो. खिंडीच्या ट्रेकमध्ये मागचा रस्ता रोज लांब होत जातो आणि पुढचा रस्ता खिंडीच्या पलीकडे असतो. कुल्लूच्या पार्वती खोऱ्यातून स्पितीत नेणारी पिन पार्वती खिंड बघा. बरशैणीहून निघायचं, खीरगंगा, टुंडा भुज, ठाकूर कुआँ, ओडी थाच करत मानतलाईच्या तळ्यापाशी पोचायचं, सुमारे ४,१०० मीटर. खिंड ५,३१९ मीटरवर. म्हणजे मानतलाईहून बाराशे मीटर चढायचे उरतात. ते मधल्या एका मुक्कामात उरकायचे की दोन, हा या ट्रेकमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. तुमच्या पत्रिकांत तो 'दिवस ६ : ग्लेशियर कॅम्प' या दोन शब्दांत संपतो. तिथे कुणाची फुप्फुसं भरली तर मागे पांडव पुलाचे खडक उतरवून, धोंड्यांच्या रानातून कित्येक दिवसांची वाट. पुढे भेगाळलेलं बर्फ आणि खिंड. मानतलाईला एक दिवस नुसतं बसून राहणं ही इथे चैन म्हणता येणार नाही.

आणि पारंग ला, स्पितीतून लडाखमध्ये नेणारी खिंड ('ला' म्हणजेच खिंड). स्पितीतल्या किब्बर गावातून चालायला लागता तेव्हाच तुम्ही ४,२०० मीटरच्या आसपास असता. खिंड साडेपाच हजारांच्या वर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. हे सगळे मान्य करतात. ज्याकडे दुर्लक्ष होतं ते असं, की खिंड उतरल्यावरही तुम्ही खाली येत नाही. पारे चू नदीच्या काठाने त्सो मोरिरीपर्यंतचे मुक्काम साडेचार हजारांच्या आसपास किंवा वरच. 'त्रास झाला की खाली आणा' हा आमचा पहिला आणि शेवटचा उपचार. या वाटेवर 'खाली' नावाची जागाच नाही. पारंग ला ला नेण्याआधी जे काही करायचं ते किब्बरच्या अलीकडेच करावं लागतं.

ते कसं करायचं, याचं उत्तर नकाशात आहे. किब्बरला जायचं ते काजा या स्पितीतल्या मुख्य गावावरून. त्या काजाला मनालीकडून नेऊ नका. अटल बोगदा झाल्यापासून मनाली सोडलं की रोहतांगचा खोळंबा नाही, साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड गाडीनेच ओलांडून त्याच दिवशी काजा, सुमारे ३,६५० मीटर. एका रात्रीत झोपण्याची उंची सोळाशे मीटरने वाढली. वर सांगितलेल्या नियमाच्या तिप्पट. तेच शिमल्याहून किन्नौरमार्गे गेलात तर शिमला २,२००, कल्पा सुमारे २,९००, नाको सुमारे ३,६००, मग काजा. दोन दिवस जास्त लागतात, पण ते बसमध्ये बसून, खिडकीतून सतलज बघत जातात. एवढा स्वस्त उपचार माझ्या दवाखान्यात मिळत नाही.

आता हवामान. त्याचा माझ्या शिक्क्याशी संबंध नाही असं वाटेल, पण राखीव दिवसाशी आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी नेपाळमध्ये अन्नपूर्णा भागात हिमवर्षाव केला आणि ५,४१६ मीटरवरच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात व आसपास चाळीसहून अधिक माणसं गेली. वादळ येतंय हे सपाटीवर टीव्ही बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि खिंडीकडे माणसं निघत होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये हर्षिलहून छितकुलला जाणाऱ्या लमखागा खिंडीत अवेळी बर्फात बंगालचे ट्रेकर आणि सोबतचे कर्मचारी अडकून मेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालला कर्नाटकातून गेलेल्या गटातले, गाइड धरून बावीसपैकी, नऊ जण वादळात गेले. या प्रत्येक ठिकाणी काय चुकलं याचा निवाडा डोंबिवलीत बसून करायची माझी लायकी नाही. पण ज्या पत्रिकेत एकही राखीव दिवस नाही, त्या पत्रिकेत थांबण्याचा निर्णय घेणं म्हणजे परतीचं तिकीट फाडणं, आणि तिकीट फाडायला कुणाचाच हात चटकन उठत नाही.

संपर्काचाही प्रश्न आहेच. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे खिंडीखालचा तंबू जगापासून तुटलेला असतो आणि निरोप न्यायला माणूस धावत पाठवावा लागतो. नोंदणीकृत गटांना मोसमापुरती परवानगी सुलभ व्हावी म्हणून तुम्ही सगळ्यांनी एकत्र अर्ज केलात तर त्यावर मीही सही करीन. त्या सहीबद्दल मला शंका नसेल.

गेल्या मोसमातला एक पेशंट सांगते. बँकेत नोकरी, चाळिशी, निर्व्यसनी. गटाचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही गटात हेच झालं असतं. चौथ्या रात्री त्याला कोरडा खोकला सुरू झाला, झोपलं की दम लागायचा, उठून बसलं की बरं वाटायचं. लीडरने 'कफ झालाय, थंडीने होतो' म्हणून खोकल्याचं औषध दिलं. सकाळी ऑक्सिमीटर लावला, आकडा 'चालण्यासारखा' आला, चालवलं. दुपारी थुंकी गुलाबी झाली. तेव्हा स्वयंपाक्याने, हो, किचन टेंटमधल्या मुलाने, फुप्फुसांत पाणी भरतंय हे ओळखलं आणि भांडून खच्चरावर बसवून खाली नेलं. माणूस वाचला. माझ्याकडे आला तो एक्स-रे घेऊन आणि पहिलं काय म्हणाला, तर 'मॅडम, पुढच्या वर्षी परत जाता येईल ना?'

या प्रसंगातल्या दोन गोष्टींवर माझा राग आहे. एक, ऑक्सिमीटर. गारठलेल्या बोटावर तो काहीही दाखवतो, आणि चार हजार मीटरवर पंच्याऐंशीचा आकडा ठणठणीत माणसालाही येऊ शकतो. त्याच्यावर भिस्त ठेवून लीडर माणसाकडे बघायचं थांबतात. जेवला का? उलटी झाली का? बसल्या जागी दम लागतो का? टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकून दाखव. तोल गेला, तर रात्र असो की पाऊस, खाली. याला यंत्र लागत नाही. दुसरी गोष्ट, लपवणं. त्याने आदल्या रात्री डोकेदुखी सांगितलीच नव्हती, कारण मागे पाठवलं तर पैसे बुडणार हे फॉर्मवर ठळक छापलेलं होतं. तुमच्या 'नो रिफंड'च्या ओळीने माझी सगळी तपासणी फोल केली. आजारपणाने परतणाऱ्याला पुढच्या बॅचमध्ये जागा देण्याचा नियम करा, मग बघा लोक किती खरं बोलायला लागतात.

परत फिरायचा निर्णय कुणाचा, हेही पत्रिकेत लिहा. आज तो प्रत्यक्षात तुमच्या लीडरचा असतो, आणि लीडर पुष्कळदा आपल्याच गटातला उत्साही तरुण असतो. त्याने वर्षानुवर्षं राजमाची केलेला असतो. सोबतचा कुल्लूचा किंवा सांकरीचा गाइड 'आज रहने दीजिए' म्हणतो, हळू आवाजात म्हणतो, कारण पुढच्या वर्षीचं काम त्याला तुमच्याकडूनच मिळायचं असतं. त्याचा शब्द शेवटचा राहील आणि त्यामुळे त्याचा एक रुपयाही कापला जाणार नाही, हे लेखी असलं पाहिजे, सहभागींना दिसेल अशा जागी.

पोर्टरांचं राहिलंच. बावीस जणांच्या बॅचमागे जे दहा-बारा जण तंबू, सिलिंडर, रेशन वाहतात, त्यांचा फिटनेस फॉर्म कुठल्या डॉक्टरकडे जातो? पार्वती खोऱ्यात सामान वाहणाऱ्यांत नेपाळहून मजुरीला आलेली मुलं बरीच असतात. त्यातली कितीतरी सखल भागातली. डोंगरात काम करतो म्हणजे उंचीला सरावलेला असतो हा आपला सोयीस्कर गैरसमज आहे. फुप्फुसात पाणी त्याच्याही भरतं, आणि त्याने 'त्रास होतोय' म्हटलं तर त्याची त्या दिवसाची मजुरी जाते. उंचीच्या तक्त्यात त्याचीही रात्र तीच आहे. त्याचा विमा, त्याचे बूट, त्याची झोपायची चटई हे सगळं तुमच्या 'इन्क्लूजन्स'च्या यादीत, सूप आणि पॉपकॉर्नच्या शेजारी, छापायला काय हरकत आहे?

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणीचे नियम केले. पण तुमचा गट रेल्वेने राज्याबाहेर गेला की ते नियम इथेच राहतात आणि तिथले अधिकारी तुमची पत्रिका बघत नाहीत. म्हणून शासनाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही बरेच जण आधी स्वतः डोंगरातली माणसं आहात, दुकानदार नंतर झालात. तक्ता छापायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. मे-जूनच्या बॅचच्या जाहिराती निघतील तेव्हा त्यात तो दिसावा. लीडरना उंचीचे आजार ओळखायला शिकवायचे असतील तर डोंबिवली, कल्याण, ठाणे, कुठेही रविवारी संध्याकाळी मी येईन, मानधन नको. एक फळा आणि जमलं तर चहा.

आपली,
डोंबिवलीतील एक डॉक्टर

ता. क. : तुमच्या किट-लिस्टमध्ये 'डायमॉक्स, एक स्ट्रिप' (उंचीचा त्रास टाळण्यासाठीची गोळी) असं असतं आणि लोक ती मेडिकलमधून घेऊन एकमेकांना वाटतात. ती गोळी लक्षणं झाकते, हा ट्रेकरांतला लाडका समज चुकीचा आहे. ती शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, आणि प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पुरते. झाकणारं औषध वेगळं, स्टिरॉइड, ते लीडरच्या पाकिटात चिठ्ठीशिवाय नसावं. मात्र ज्याला सल्फाची ॲलर्जी आहे, किडनीचा त्रास आहे किंवा जी गरोदर आहे, त्यांनी डायमॉक्स विचारल्याशिवाय घेऊ नये. तुमच्या फॉर्मवर सल्फाच्या ॲलर्जीचा प्रश्न नाही. तेवढा घाला.